नऊ पावलं अनवाणी

आई,

'प्रिय' मुद्दाम लिहिलं नाही. तसं लिहिलं की तू म्हणायचीस, "एवढं गोड लावतीयास, काय पायजे?" काही नको आहे. परवा तुझ्या शोकसभेत मी उभी राहून भांडले, आणि आज सकाळी मंडळाचे सुभेदार घरी येऊन गेले. ते गेल्यापासून हे सगळं कुणाला तरी पहिल्यापासून सांगावं असं झालंय. बाबांना सांगून बघितलं. ते ऐकून घेतात, मान हलवतात आणि तुझ्या डाव्या चपलेतला कापूस काढून पुन्हा भरतात. म्हणून तुलाच लिहायला बसले.

शोकसभा तुझ्याच शाळेच्या हॉलमध्ये होती. तुझ्या हाताखाली बाराखडी गिरवलेल्या बायका आपापली पोरं घेऊन आल्या होत्या. आपल्या गिर्यारोहण मंडळाचे लोक मागच्या बाकांवर. पहिली तीन भाषणं बरी झाली. मग मंडळाचे सेक्रेटरी उठले. चांगल्या मनानं बोलत होते, ते मी नाकारत नाही. म्हणाले, "हिमालयात विरळ हवेनं बाईंचं भान हरपलं. बूट काढून त्या बर्फात चालल्या, पायाची बोटं गेली, पण त्यांनी कधी तक्रार केली नाही." लोक हळहळले. पुढच्या खुर्चीवर थोरल्या काकांनी अशी मान डोलावली, की हे वाक्य जणू त्यांनीच लिहून दिलं होतं.

मी उभी राहिले आणि म्हटलं, "माझी आई शुद्धीवर होती."

शोकसभेत असं कुणी उठत नाही, मला ठाऊक आहे. तू असतीस तर माझा पदर ओढून खाली बसवलं असतंस. पण तू नव्हतीस ना? दहा वर्षं तू मला गप्प बसवलंस. परवा बसवायला कुणी नव्हतं.

आई, तुझंमाझं पहिलं भांडण पायताणावरून झालेलं, आठवतं? मी तिसरीत होते. पन्हाळ्याच्या पायथ्याला तुझं माहेर, आणि त्याच्या मागचा तो बोडका डोंगर. शाळेत तू पुस्तकातलं मराठी बोलायचीस, पण एसटीनं शहराची हद्द ओलांडली की तुझ्या तोंडात गाव यायचं. माथा जवळ आला तशी तू थांबलीस.

"काढ पायताण."

खाली दगड तापलेले. मी रडायला लागले. "का पण?"

"खळ्यात पायताण घालून जातंय का कुणी?"

"इथं कुठं खळं आहे?"

"बघ की. सपाट हाय, वारा हाय, वर आभाळ हाय. खळ्याला आणि काय लागतंय?"

माझ्या आजोबांचं, तुझ्या वडिलांचं खळं. ज्वारी मळायची ती सारवलेली जागा, मधे बैल फिरवायचा खांब. कडेपासून त्या खांबापर्यंत नऊ पावलं होती, तू लहानपणी मोजलेली. जिथं धान्य पडतं तिथं चप्पल घालून जायचं नाही, हा तुमच्या घरचा कायदा. तू तो उचललास आणि डोंगराच्या माथ्यावर नेऊन ठेवलास. देऊळ असो नसो, शेंदराचा दगड असो नसो, शेवटची नऊ पावलं अनवाणी. मग वर पोचायचं, हात टेकवायचा, आणि खाली येऊन खर्डा-भाकरी खायची.

विशाळगडापाशी, रांगण्याच्या रानात, पार नगर जिल्ह्यात जाऊन कळसूबाईवर, सगळीकडे हेच. मी किती डोंगर चढले हे मला सांगता येणार नाही. पण माझ्या तळपायांना प्रत्येक माथा ठाऊक आहे. कुठं खडी, कुठं कुसळं, कुठं कातळ इतका तापलेला की नऊ पावलं मी पाचांत उरकली आणि तू मला मागे पाठवून पुन्हा चालायला लावलीस.

एक विचारू? मला डोंगर आवडतो का, हे तू कधी विचारलं होतंस? माझ्या मैत्रिणी रविवारी रंकाळ्यावर भेळ खायच्या. माझा रविवार पहाटेच्या एसटीत, मांडीवर भाकरीचं गाठोडं. मला ती भेळ फार हवी होती गं. डोंगर आवडायला लागला तोपर्यंत मी अकरावीत होते, आणि तेही तुला सांगितलं नाही. तू फार खूश झाली असतीस, आणि तेवढं सुख तुला द्यायची माझी तयारी नव्हती.

बाबांना उंचीची भीती. गच्चीच्या कठड्यापाशीसुद्धा ते जायचे नाहीत. पायथ्याच्या एसटी स्टँडवर पेपर वाचत बसायचे आणि आपण उतरलो की फक्त विचारायचे, "वर होतं का सगळं जागेवर?" बायकोला अडवायचं त्यांना कधी सुचलंच नाही. अडवायचं काम काकांकडे होतं. कोयनेचा भूकंप झाला त्या हिवाळ्यात निम्मं कोल्हापूर अंगणात अंथरूण टाकून झोपायचं, आणि तू रविवारी पिशवी भरायला घेतलीस. काका दारात उभे. "डोंगर हालायला लागल्यात आणि तू चढाय निघालीस? बाईमाणसाला शोभतंय का ह्ये?"

तू कासोटा आवळत म्हणालीस, "डोंगर हालला तर तुमचं घर थांबणार हाय व्हय?"

त्यानंतर दोन वर्षं काका आपल्याकडे जेवायला आले नाहीत. तू म्हणायचीस, भांडी कमी पडतात.

मग मंडळ निघालं आणि सुभेदार आले. फौजेतून निवृत्त झालेले, बर्फ बघितलेले, बोलणं तोफेसारखं. त्यांनी हिमालयाचं नाव काढलं आणि तू हात वर केलास. सगळे हसले. सुभेदार हसले नाहीत. "बाई, पाठीवर पंधरा किलो घिऊन जोतिबा चढून दावा. म्हैनाभर. मग बघू." दुसऱ्या दिवसापासून तू ज्वारीचं पोतं पाठीला बांधून जोतिबाच्या पायऱ्या चढायला लागलीस, आणि मीही. कंडक्टर रोज ओरडायचा, "मावशी, जवारी घिऊन वर कशाला? वर गिरण न्हाई." तिसऱ्या आठवड्यात तो आपल्याला जागा धरून ठेवायला लागला.

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात आपण गेलो. सात जण, त्यात बायका आपण दोघी. तू पंचेचाळिशीची, मी तेवीसची. मनालीच्या वरचं, सतरा हजार फुटांच्या पुढचं ते शिखर. सुभेदारांची लोकरी पँट तुला कमरेत दोरीनं बांधावी लागली. बूट मंडळाचे, जुन्या चामड्याचे, तुला एक नंबर मोठे. तू त्यात जुन्या लुगड्याचं फडकं कोंबलंस.

आता ते सांगते, जे मी परवा सगळ्यांसमोर सांगितलं. तुला माहीत आहे, पण तुझ्यासमोर मी ते कधी पूर्ण बोलले नाही.

तिघं तंबूतच राहिले होते. शेवटच्या चढावर आणखी एकाला ओकाऱ्या सुरू झाल्या. सुभेदार त्याच्यापाशी थांबले. "तुमी व्हा फुडं, गाइड हाय." तो तिथल्याच गावचा माणूस, त्याच्यामागे तू, शेवटी मी. माथा आला. सोपा होता, आपल्या बोडक्या डोंगरासारखाच. तू थांबलीस, बर्फात बसलीस आणि म्हणालीस, "शाले, बूट सोड. माझी बोटं ऐकंनात."

मी म्हटलं, "आई, इथं नको."

"माथा हाय न्हवं?"

सुभेदारांनी आपल्याला शिकवलं होतं, उंचीवर माणूस भलतंसलतं करायला लागला तर त्याला घरचे प्रश्न विचारायचे. मी विचारले. नाव काय? सांगितलंस. शाळा कुठली? सांगितलीस. घरात तांदळाचा डबा कुठं आहे?

"दुसऱ्या फळीवर. आणि झाकण तुझ्या बाबांनी उलटं लावलं आसंल."

अशी बाई बेशुद्ध असते का गं? भान हरपलेल्या माणसाला उलटं झाकण आठवतं?

उजव्या बुटाची लेस सुटली. डाव्याची गाठ गोठून दगड झाली होती. हातमोजे काढले, बोटं बधिर. मग मी ती गाठ दातांत धरली आणि ओढली, आणि लेस तुटली. तू बघितलंस. मोजे काढलेस, दोन्ही पाय बर्फावर ठेवलेस आणि चालायला लागलीस. गाइड म्हणाला, "माताजी, मत करो." मग त्यानं हळूच डोक्यावरची टोपी काढली आणि हातात धरून उभा राहिला.

मी आले नाही. मला भीती वाटली, आई. बूट घालून यायचं नाही आणि काढायची छाती होत नाही. मी कडेला तुटकी लेस हातात घेऊन बसले आणि तुझी पावलं मोजली. नऊ. तू वाकून हात टेकवलास. परत नऊ. वर जाऊन यायला पाच-सहा मिनिटंही लागली नसतील. मी तुझे पाय माझ्या स्वेटरखाली पोटाला लावून गरम केले. दोन्ही तळवे लाल झालेले, बोटं हलत होती. दोन्ही पायांची.

मग डावा बूट बांधायला लेस नव्हती. फडक्याची चिंधी बांधली, ती अर्ध्या तासात सुटली. उतरायला सहा तास लागले. प्रत्येक पावलाला त्या ढिल्या बुटात बर्फ जात होता, वितळत होता, गोठत होता. तंबूत बूट काढला तेव्हा डाव्या पायाची दोन बोटं काळीनिळी पडली होती. उजवा पाय धडधाकट.

दोन्ही पाय सारखेच अनवाणी चालले होते. मग बोटं एकाच पायाची का गेली? हा प्रश्न दहा वर्षं कुणी विचारला नाही. मी रोज विचारला.

सुभेदार तंबूत आले आणि गरजले, "बूट कुनी काढला?" माझं तोंड उघडलं होतं, आई. तू माझं मनगट इतकं दाबलंस की वळ उठला. म्हणालीस, "मीच, सुभेदार. मला काय उमगंना झालतं." मी गिर्यारोहणाच्या कोर्सला अर्ज केलेला, सुभेदारांची शिफारस लागणार होती. दोरीवरच्या साथीदाराचा बूट शिखरावर उतरवणाऱ्या पोरीला कोण शिफारस देणार? रात्री तू कानाशी म्हणालीस, "मला आता कोन वर न्हेतंय? तुझं नाव ह्यात याय न्हाई पायजे." अहवालात लिहिलं गेलं, 'विरळ हवेमुळे भान हरपून बूट काढले.' खाली तुझी सही, शाळेच्या प्रगतिपुस्तकावर करायचीस तशी, वळणदार.

मला शिफारस मिळाली. कोर्स झाला, मंडळात मी पोरींना दोरी शिकवायला लागले, लोक मला 'मॅडम' म्हणायला लागले. आणि तू प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात ऐकत राहिलीस. काका पंगतीत सांगायचे, "हवा डोक्यात गेली आमच्या मास्तरीणबाईंच्या. बर्फात अनवाणी. येडीच की." लोक हसायचे आणि तू वाढत राहायचीस. मी ताटावर बसलेली असायचे. घास गिळायचे. तू मला वाचवलंस म्हणतात ना त्याला? मला नाही तसं वाटत. तू माझी चूक माझ्याकडून काढून घेतलीस आणि तिच्या बदल्यात स्वतःचं शहाणपण देऊन टाकलंस. मला विचारलंस का? भेळेचं विचारलं नाहीस, तसंच हेही.

हे सगळं मी तुला एकदाच बोलले, आणि तेही निम्मंच. बोटं गेल्यावर वर्षाभरानं तू डाव्या चपलेत कापूस भरलास आणि म्हणालीस, चल, माहेरचा डोंगर. वर पोचायला दुप्पट वेळ लागला. नऊ पावलं राहिली आणि तू चपला न काढता तिथंच बसलीस.

"वर नाही जायचं?" मी विचारलं.

"हितनं दिसतंय की सगळं." भाकरी सोडलीस. मग म्हणालीस, "खळ्यात पायताण घालायचं न्हाई, एवढंच मला ठावं हुतं. खळ्याच्या कडंला बसता येतंय, ह्ये तवा ध्यानात न्हाई आलं. तुला आलं. तू बसलीस."

"मी भिऊन बसले, आई. आणि ती लेस..."

"गप. चुकले मी. पर शुद्धीत चुकले, शाले. तेवढं तरी माझं ऱ्हाऊ दे."

तेवढं तरी तुझं राहू दे, म्हणालीस. आणि कागदावर नेमकं तेवढंच तुझं नव्हतं. चूक माणसाची स्वतःची असते गं. ती हवेवर कशी ढकलायची? तू ते बोललीस आणि मला खर्ड्याचा ठसका लागल्याचं सोंग करावं लागलं. त्या दिवशीच मी सुभेदारांकडे जायला हवं होतं. गेले नाही. आज जाते उद्या जाते करत नऊ वर्षं काढली, आणि तू आठ दिवसांच्या तापात निघून गेलीस. हे माझं. ह्याच्यावर तुझी सही चालणार नाही.

तर परवा. मी डबा सांगितला, झाकण सांगितलं, लेस सांगितली. काका म्हणाले, "बस खाली, दुःखात माणूस कायबी बोलतंय." मी म्हटलं, "काका, आईला हवा लागली होती, मला दुःख लागलंय. तुमच्या लेखी आमच्या घरातली बाई शुद्धीवर असते तरी कधी?" मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं. तुझी एक जुनी विद्यार्थिनी हसलीसुद्धा. बाबा उठले. मला वाटलं, हात धरून खाली बसवतात. ते म्हणाले, "झाकण खरंच उलटं होतं," आणि खाली बसले.

सुभेदार तिथं एक शब्द बोलले नाहीत. आज सकाळी आले, काखेत त्या मोहिमेची जुनी फाइल. चहा घेतला नाही.

"मला तवाच ठावं हुतं," म्हणाले. "लेस दातानं तुटलेली हुती. बाईंचं पुढचं दोन दात पडल्यालं. कुनी तोडली मग? आनि पाय दोन्ही उघडं, बोटं एकाची. मी फौजेत जल्म काढला, पोरी. एवढं कळत न्हाई व्हय?"

"मग तसं का लिहिलंत?"

"तुझ्या आईनं हात जोडलं. त्या बाईनं जल्मात कुनाम्होरं हात जोडलं नव्हतं."

आई, तू हात जोडलेस? मला हे नको होतं कळायला.

मग त्यांनी फाइल माझ्यापुढे सरकवली. "खोड आनि खरं लिव. मी सही करतो. पर आता तू चारचौघांत बोललीस. मे म्हैन्याची पोरींची मोहीम तुझ्या हाती देता येत न्हाई. आईबापं काय म्हनतील?"

"नका देऊ," मी म्हटलं.

खरं सांगू? ती मोहीम मला हवी होती. पहिली फक्त मुलींची मोहीम, तेच शिखर, दोन वर्षं मी त्यांना तयार केलंय. पण 'नका देऊ' म्हणताना आवाज थरथरला नाही, हे तुला कळावं म्हणून लिहिते.

मी ती ओळ खोडली. वर लिहिलं, 'बूट विचारपूर्वक काढले. त्या वेळी पूर्ण शुद्धीवर होत्या. डाव्या बुटाची लेस माझ्या दातांनी तुटली. इजा त्यामुळे झाली.' मग त्याच पानावर शिखर गाठणाऱ्यांची नावं होती. तुझं, गाइडचं आणि माझं. माझं नाव मी खोडलं. सुभेदार म्हणाले, "ह्ये कशाला?" मी म्हटलं, "मी नऊ पावलं खाली होते." त्यांनी सही केली आणि जाताना दारात तुझ्या चपलांना वळसा घालून गेले.

तर आता माझा शब्द. मी मेमध्ये जाणार आहे. म्होरकी म्हणून नाही, दोरीच्या शेवटी, साधी सभासद म्हणून. सुभेदार नाही म्हणाले तर दुसऱ्या कुणाबरोबर जाईन. माथा आला की पोरींना पुढे सोडीन. त्या बूट घालून नाचू देत वर, त्यांचं खळं त्यांनी ठरवावं, मी तुझ्यासारखी कुणाला मागे पाठवून पुन्हा चालायला लावणार नाही. मी नऊ पावलं खाली बसेन, बुटाच्या लेसा घट्ट बांधून, आणि खर्डा-भाकरी खाईन. ह्या वेळी भिऊन नाही.

खाली आल्यावर वहीत माझ्या नावापुढे 'शिखर गाठले नाही' असं लिहितील. लिहू देत. त्याच्या खाली मी माझ्या हातानं लिहीन, शुद्धीवर होते, आणि सही करीन.

तुझी न ऐकणारी,
शालन